रहस्यकथा आणि श्रद्धेची फिर्याद

नेरळच्या फलाटावर माथेरानच्या छोट्या गाडीची वाट पाहणाऱ्या उतारूंच्या हाती माझ्या बालपणी हटकून दिसे ती बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा. आणि भाड्याने आणलेल्या त्या जीर्ण पुस्तकाच्या समासात आधीच्या एखाद्या निर्दय वाचकाने अपराध्याचे नाव पेन्सिलीने लिहून ठेवलेले असले, तरी त्यांचा नायक झुंजार याच्या मागोमाग धावण्यातला माझा आनंद तिळमात्र उणा होत नसे. पुढे नोकरीच्या वर्षांत कर्जत लोकलमध्ये नारायण धारपांनी सोबत केली. त्यांचा नायक समर्थ अतींद्रिय सामर्थ्याने दुष्ट शक्तींचा बीमोड करी, परंतु त्या कथांविरुद्ध कुणी धर्माच्या नावाने फिर्याद गुदरल्याचे मला स्मरत नाही. कारण कल्पिताला सत्याचा दाखला जोडण्याचा सोस त्यांना नव्हता.

डॅन ब्राउन यांना तो होता. २००३ साली निघालेली आणि अजित ठाकूर यांच्या अनुवादाने मराठीत आलेली ‘द दा विंची कोड’ ही त्यांची कादंबरी मी एका बैठकीत वाचली, इतकी तिची पकड विलक्षण. येशूने मग्दालिया मरीयेशी विवाह केला आणि त्यांचा वंश चर्चने दडवला, हे तिचे रहस्य. पण आरंभीच्याच पानावर ‘सायनची प्रायरी’ ही १०९९ सालची गुप्त संस्था वस्तुस्थिती म्हणून सांगितली आहे. वास्तविक ती १९५६ साली फ्रान्समध्ये पिएर प्लांतार आणि त्याच्या साथीदारांनी नोंदवली, आणि तिच्या प्राचीनत्वाचे बनावट कागद पुढे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात दाखल झाले. लिओनार्दो दा विंचीच्या ‘शेवटचे भोजन’ या भित्तिचित्रात येशूच्या उजव्या हाताला बसलेली बिनदाढीची आकृती कादंबरी मरीयेची ठरवते. तत्कालीन फ्लॉरेन्सचे चित्रकार तरुण शिष्य योहान याला असाच रंगवीत.

‘कादंबरीच म्हणता, तर पहिल्या पानावर खरे म्हणून का लिहिले?’ हा कचेरीतल्या माझ्या वसईकर ख्रिस्ती सहकाऱ्याचा सवाल मला निरुत्तर करून गेला. त्याचे दुःख अस्सल होते. तथापि २००६ साली या कादंबरीवरचा चित्रपट आला, तो काल्पनिक असल्याचा खुलासा पडद्यावर झळकवण्याची अट सेन्सॉर मंडळाने घातली, आणि तरीही गोव्यासह काही राज्यांनी मनाईहुकूम काढले, ते मला पटले नाही. बनावट दस्तऐवजाला उत्तर द्यायचे ते अस्सल दप्तर उघडून. हुकमाने पडदा झाकला की संशय उलट बळावतो. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बंदीची याचिका फेटाळली, आंध्र आणि मद्रास उच्च न्यायालयांनी आपापल्या राज्यांतील मनाई रद्द केली, आणि तो न्याय यथायोग्यच झाला.