शनवार तेल्यांचे तेलरंग



आपले वाडवडील कोकणात घाण्यावर तेल गाळीत आणि शनवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. हे नातवंडांना सांगून कळत नाही, कारण घाणा त्यांनी पाहिलेलाच नाही. म्हणून मोआदोनमधल्या आम्ही पाच-सहा म्हाताऱ्यांनी त्याचे चित्र काढायचे ठरवले, तेही तेलरंगात. चित्र आमच्यापेक्षा जास्त टिकायला हवे, तेव्हा सामान बघून घेणे आलेच.

आधी तेल. खोबऱ्याचे, तिळाचे चालत नाही, ते रंगासारखे सुकत नाही. लागते अळशीचे. (लहानपणी छाती भरली की आजी हिचेच पोटीस बांधायची.) हे हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. पण त्याला दिवस लागतात, आणि इथे बेरशेव्यात हमसीन सुटला की सगळी धूळ ओल्या चित्रावर! म्हणून चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवतो.

पांढऱ्या रंगावर मात्र आम्ही अडून बसलो, वॉर्डात उगीच नाही वर्षे काढली. जुन्या चित्रकारांचा पांढरा शिशाचा असे. शिसे अंगात साठते, मुलांच्या मेंदूला फार वाईट, आणि आमच्या टेबलाशी नातवंडे बोटे घालायला तयारच! झिंकचा मलमात उत्तम, पण तेलात काही वर्षांनी ठिसूळ होऊन तडकतो. टिटॅनियमचा घेतला.

ब्रशवरून वाद झाला. ताठ केसांचे चांगले ब्रश डुकराच्या केसांचे असतात. एकजण म्हणाली, "खायचे थोडेच आहेत?" तरी दोघींनी हात लावला नाही, नायलॉनचे आणले. आमचे विचाराल तर थरथरत्या हाताला जाड दांडा हवा, केस कुणाचे का असेनात.

कॅनव्हास सुती, पण अस्तर लावलेलाच घ्यावा, नाहीतर तेल कापड कुजवते. खालचा थर टर्पेंटाईनने पातळ, वर तेल वाढवत जायचे. उलट केले तर भेगा पडतात. दमेकरी असाल तर पाण्यात मिसळणारे तेलरंगही मिळतात, ते घ्या. आणि मुलांनो, अळशीच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेतो. चिंध्या बाहेर पसरून वाळवायच्या किंवा डब्यात पाण्यात बुडवायच्या.

घाण्याचा बैल कुठल्या बाजूने फिरायचा यावर अजून एकमत नाही. अलिबागकडच्या एका बाईंना पक्के आठवते म्हणतात, त्या बऱ्या होऊन आल्या की ठरेल. तोवर बैलाची जागा कोरी सोडली आहे.