महाबळेश्वर : पावसाची जमा आणि शिल्लक

सह्याद्रीच्या माथ्यावर सुमारे १,३७० मीटर उंचीवर वसलेले महाबळेश्वर उन्हाळी गारव्यासाठी प्रसिद्ध असले, तरी या गावाचा खरा धनी पाऊसच होय. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाटमाथ्याला अडून वर चढतात, थंडावतात आणि येथेच रिते होतात. वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे कोसळतो. पूर्वेस जवळच असलेल्या पाचगणीच्या वाट्याला मात्र त्याच्या निम्माही येत नाही.

जूनमध्ये धुके उतरले की बाजारपेठ मंदावते. पावसाच्या माऱ्यापासून भिंती राखण्यासाठी त्यांना गवताचे आच्छादन बांधण्याची येथील जुनी रीत. चातुर्मासाची बेगमी व्यापाऱ्याला उरलेल्या आठ महिन्यांच्या कमाईतूनच करावी लागते. दिवाळीच्या सुमारास आकाश निवळते, पाहुणे परततात. हिवाळ्यात स्ट्रॉबेरीचे मळे लाल होतात आणि एखाद्या पहाटे वेण्णा तलावाकाठचे दव गोठते. वैशाखातही सावलीत गारवा असतो.

तथापि एवढे पाणी डोंगरावर थांबत नाही. कृष्णा पूर्वेस निघते, सावित्री पश्चिमेस. म्हणूनच सातारच्या राजांनी १८४२ साली बांधविलेला वेण्णा तलाव आजही मोलाचा आहे. ऐन मे महिन्यात, गर्दी शिगेला पोहोचते तेव्हा, गावाची भिस्त साठविलेल्या पाण्यावर असते. जमा कितीही मोठी असो, तारते ती शिल्लकच.