परतीची वाट

कसाऱ्याजवळच्या एका शाळेत मी नुकताच मराठीचा शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्याने एके दिवशी त्यांचा तास माझ्याकडे आला. पुस्तकात पाहून मी सांगितले, "विजेचा प्रवाह घटातून निघतो आणि दिव्यातून पुन्हा घटाकडे येतो. वाट कोठे तुटली की दिवा विझतो. या अखंड वाटेस परिपथ म्हणतात."

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "गुरुजी, घाटात गाडीवर एकच तार आहे. मग वीज परत कोठून जाते?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. "वात्रट प्रश्न विचारू नकोस!" असे म्हणून मी त्यास खाली बसविले. वर्ग हसला. तो मान खाली घालून बसला.

सायंकाळी मी स्थानकावर एका इंजिनचालकास तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "१९३० साली या घाटात विजेची गाडी आली, तेव्हापासून परतीची वाट म्हणजे रूळ! तारेतून आलेला प्रवाह इंजिनाच्या मोटारी फिरवितो आणि चाकांतून रुळांवाटे उपकेंद्राकडे परततो." सदतीस फुटांस एक फूट चढणारा तो घाट गाड्या याच बळावर चढत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात म्हणालो, "काल चूक माझी झाली. प्रश्न वात्रट नव्हता. मलाच उत्तर येत नव्हते." मग त्या मुलालाच फळ्यावर तार, इंजिन आणि रूळ काढावयास सांगितले.

मुलांनो, प्रश्न गुरूकडे जावा आणि त्याचे उत्तर परत यावे. ही वाट मी पुन्हा कधी तुटू दिली नाही.