पत्र वाचणारे नातवंड

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात वसलेले रहिमतपूर इतिहासाच्या वाचकांना आदिलशाहीतील सरदार रणदुल्लाखान याच्या कबरीमुळे आणि नाट्यरसिकांना वसंत कानेटकरांचे जन्मगाव म्हणून ठाऊक असते. या गावाच्या घराघरांत शिरायचे, तर मात्र वाट धरावी लागते ती रेल्वे स्थानकाची. पुणे–मिरज लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात झाला आणि तेव्हापासून रहिमतपूर, तारगाव, मसूर अशा स्थानकांवरून कर्ती माणसे पोटापाण्यासाठी मुंबईच्या गिरण्यांकडे, गोदीकडे आणि पलटणींकडे जात राहिली. गावी उरत ती म्हातारी माणसे, लहान मुले आणि या दोहोंचे करणाऱ्या सुना. पत्र, मनिऑर्डर आणि पुढे दूरध्वनी ही साधने या मुलखात आली ती अशा घरांत, जिथे मधल्या पिढीतले पुरुष रोजच्या ताटावर नसत. आणि दूरच्या मुलाला आईबापांशी जोडता जोडता त्यांनी घरातच असलेले एक दुसरे नाते, आजी-आजोबा आणि नातवंडे यांचे, घट्ट केले. पिढ्यांमधील संवादावर तंत्रज्ञानाचा काय परिणाम झाला हा प्रश्न सहसा दूर गेलेल्यांच्या बाजूने विचारला जातो. घरी राहिलेल्यांच्या बाजूने तो विचारला, की उत्तर बरेच निराळे येते.

मुंबईहून येणारा निरोप मुख्यतः तीन रूपांत येई. पोस्टकार्ड उघडे असे, त्यामुळे त्यात खुशालीपलीकडे फारसे लिहिले जात नसे. आंतरदेशीय पत्र म्हणजे तीन घड्या घालून कडा चिकटवायचा निळसर कागद. त्यात घरातले, शेतीतले आणि देण्याघेण्याचे विषय येत. मनिऑर्डर म्हणजे टपालखात्यामार्फत पाठविलेले पैसे. तिच्या फॉर्मला दोन-चार ओळींचा मजकूर लिहिण्यापुरते कूपन असे आणि पैसे चुकते झाल्यावर ते घेणाऱ्याच्या हाती राही. आजीचा अंगठा उठला, की त्याला साक्षीदार लागे, आणि साक्षीदाराची सही झाल्यावरही कूपनावरच्या ओळी वाचून दाखविणारे कोणीतरी लागेच. हे काम बहुतेक घरांत चौथी-पाचवीतल्या नातवाकडे किंवा नातीकडे येई, कारण घरात सलग वाचू शकणारे तेच असे.

या वाचनाचे स्वरूप जरा जवळून पाहण्यासारखे आहे. ‘तीर्थरूप’पासून सुरू होणारा मायना, ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हा ठरलेला प्रघात, मग पाऊसपाण्याची चौकशी, बैलाची, विहिरीच्या पाण्याची, सोसायटीच्या कर्जाच्या हप्त्याची. आणि मध्येच कुठेतरी वाचणाऱ्याचे स्वतःचेच नाव येई. ‘अभ्यास करतो का, की नुसता हुंदडतो’ हे बापाने आजोबांना विचारलेले वाक्य त्याच मुलाला मोठ्याने वाचावे लागे आणि आजोबा त्याच्याकडे पाहत राहत. भाऊबंदकीतल्या वादाची ओळ आली, तर आजी खुणेने आवाज उतरवायला सांगे, आणि आजाराची बातमी असली, तर शहाणे मूल ती ओळ क्षणभर गिळून आधी पुढचे वाचून घेई. पत्र संपले तरी ‘परत वाच’ हे ठरलेलेच. घरावर किती देणे आहे, कोण कोणाशी बोलत नाही, आत्याच्या सासरी काय चालले आहे, हे त्या मुलाला कोणी शिकविले नाही. ते त्याच्या स्वतःच्या तोंडून त्याला कळत गेले. उत्तर लिहितानाही आजी सांगे तसे सगळे कागदावर मावत नसे, म्हणून काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे दोघांना मिळून ठरवावे लागे. दहा वर्षांच्या मुलाला म्हाताऱ्या माणसाच्या मनाचा एवढा विश्वासू भागीदार करणारी दुसरी व्यवस्था या मुलखात क्वचितच झाली असेल.

या व्यवस्थेला शह देऊ शकेल असा एक मोठा उपक्रम साताऱ्यातच जन्मला. १९५९ मध्ये या जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. प्रौढांना अक्षरओळख, अंकओळख आणि साधे वाचन शिकवून गावेच्या गावे साक्षर करण्याचा तो प्रयत्न होता आणि पुढे तो राज्यभर पसरला. पण पाटीवर गिरविलेले अक्षर आणि मुंबईच्या खोलीत घाईने लिहिलेले वळणदार अक्षर यांत पुष्कळ अंतर असते, आणि अनेक घरांत सही करू लागलेली आजीही पत्र नातवाकडेच देत राहिली. सैन्यातल्या घरांची गोष्ट याहून गंभीर होती. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. ‘मिलिटरी’ हे त्या गावाच्या नावाला कायमचे जोडलेले बिरूद आहे. अशा गावांत आलेला कागद लहान मुलाच्या हातात देण्यापूर्वी घरातली माणसे त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने पाहत असतील.

दूरध्वनीचा मधला काळ तुलनेने लवकर सरला. आधी ट्रंक कॉल होता, म्हणजे टपाल कार्यालयात नोंदवून जोडून मिळण्याची वाट पाहायचा कॉल. मग दुकानदाराच्या किंवा शेजाऱ्याच्या घरचा ‘पी.पी.’ नंबर आला, जो लग्नपत्रिकांवरही छापला जाई. आणि नंतर रात्री दर उतरले, की गर्दी होणारे एस.टी.डी. बूथ. पैशांचे तांबडे आकडे डोळ्यांसमोर पळत असल्याने वाक्ये तुटक होत. तरीही बूथपर्यंत आजीला घेऊन जाणारे आणि नंबर फिरविणारे नातवंडच असे.

खरा पालट झाला तो स्मार्टफोनने. व्हॉट्सॲपने २०१३ मध्ये बोललेला निरोप पाठविण्याची सोय केली; २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेट खेड्यातल्या खिशाला परवडू लागले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाहत बोलताही येऊ लागले. अक्षराची अट त्यामुळे गळून पडली. ज्या आजीला आयुष्यभर आपले बोलणे दुसऱ्याच्या हाताने कागदावर उतरवून घ्यावे लागले, ती आता माइकच्या खुणेवर अंगठा दाबून ‘जेवलास का रं?’ एवढे विचारते आणि समोर कोणी बसले असावे तशी उत्तरासाठी क्षणभर थांबतेही. जो अंगठा पूर्वी निरक्षरतेची निशाणी होता तोच आता तिला बोलते करतो, ही सामान्य घटना नव्हे. याहूनही मोठा लाभ झाला तो सासरी गेलेल्या लेकींना. लेकीने आईला लिहिलेले पत्र माहेरी भाच्याच्या तोंडून, भावजयीच्या देखत वाचले जाई. म्हणून जे खरोखर सांगायचे ते पत्रात कधी येतच नसे, ते सणाला माहेरी येईपर्यंत साठून राही. आज आई आणि लेक यांच्यामध्ये कोणी तिसरे नाही. जुन्या पत्रांच्या आठवणीने हळवे होणाऱ्यांनी हा लाभ विसरू नये. त्या पत्रांत स्त्रियांचे मौनही पुष्कळ आहे.

परंतु मधला माणूस गेला, तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे ऐकणेही गेले. बापाचा निरोप आजीच्या कानाशी येतो, नातू शेजारच्याच खाटेवर आपल्या पडद्यात असतो, आणि कर्जाचा हप्ता, आत्याचे दुखणे, विहिरीचे पाणी यांतले काहीच त्याच्या तोंडून जात नाही. पाचशे किलोमीटरवरचा मुलगा जवळ आला आणि पाच फुटांवरचा नातू काहीसा लांब गेला. दूर वाढणाऱ्या नातवंडांची कथा आणखी वेगळी आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या तालुक्यांतील हजारो माणसे गलाईच्या व्यवसायात आहेत. गलाई म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचे काम. त्यासाठी ही कुटुंबे तामिळनाडू आणि केरळपासून बंगालपर्यंत सराफ कट्ट्यांच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहिली. तिथे शाळेत जाणाऱ्या मुलांची बोलण्याची सवय तिथल्या भाषेची होते. पडद्यावर नातीचा चेहरा अगदी स्पष्ट दिसतो, आजी तिला डोळे भरून पाहते. पण ‘कशी आहेस’, ‘जेवलीस का’ यांपुढे दोघींची मराठी जेमतेम चालते. सुट्टीला गावी येऊन महिनाभर आजीच्या कुशीत झोपलेल्या मुलीचे बोलणे त्या फोनवरही अधिक लांबते, हे अशा घरांतील कोणीही सांगेल.

घरातल्या घरात पडद्याने आणलेल्या दुराव्याला एका गावाने सामुदायिक उत्तर शोधले. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ मध्ये ठरले, की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला, की गावातले सर्व टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे आणि साडेआठच्या भोंग्यानंतर ते सुरू करायचे. करोनाकाळात शिक्षण ऑनलाइन झाले, मुलांच्या हाती फोन आले आणि शाळा उघडल्यावरही ते सुटेनात, हे त्यामागचे कारण होते. या निर्णयाचे मोल बंदीत नाही, ती सर्वांना सारखी लागू करण्यात आहे. मुलांनी पुस्तक उघडायचे आणि मोठ्यांनी मालिका पाहायची, अशी सोय तेथे ठेवली नाही. मालिका बंद ठेवायला घरातल्या बायांनी होकार दिला, म्हणूनच हा निर्णय पाळता आला. तरी दीड तास पडदे बंद झाले, म्हणून दोन पिढ्यांना आपोआप बोलायला विषय सापडतो असे नाही. पत्राने विषय आयता आणून दिला होता, आणि तो दोघांनी मिळून निस्तरायचा होता.

असा विषय आणून देणारे एक काम या मुलखात आजही दर नोव्हेंबरात येते. निवृत्तिवेतन घेणाऱ्यास वर्षातून एकदा हयातीचा दाखला, म्हणजे आपण जिवंत असल्याचा पुरावा, द्यावा लागतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या सेवेमुळे तो आधारच्या साहाय्याने डिजिटल रूपात देता येतो. शेतीत झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर अनेकदा उमटत नाहीत. २०२१ पासून फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून ओळख पटविण्याची सोय झाल्यावर ती अडचण सुटली. पलटणीतून निवृत्त झालेले आजोबा अंगणातल्या उजेडात बसतात, नातू फोन धरून त्यांना डोळ्यांची उघडझाप करायला सांगतो, ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा सांकेतिक आकडा भरतो आणि काम होते. फसवणुकीचे इतके प्रकार घडत असताना तो आकडा आजोबा अनोळखी माणसाला देत नाहीत, नातवाला देतात. मनिऑर्डरच्या कूपनामागचा विश्वास तो हाच. मात्र कॅमेऱ्यापुढचे काम काही क्षणांत आटोपते. त्याआधीचे काम मोठे आहे: पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक शोधण्यासाठी लोखंडी ट्रंक उघडावी लागते, आणि त्या पिवळ्या पडलेल्या कागदावर सेवा क्रमांक, हुद्दा, भरती झाल्याची तारीख हे सगळे नोंदलेले असते. क्रमांक भरून घेऊन कागद लगेच परत ठेवता येतो, किंवा त्यावरच्या तारखा मोठ्याने वाचून त्या वर्षी पलटण कुठे होती हे विचारता येते. आजोबांना ते सांगायचे असते. नातवाने अजून विचारलेले नसते.