जीवन आणि विष

शाळेंतून निवृत्त झाल्यावर आमच्या नातीनें आमच्यावर एक काम सोंपविलें : कांचेच्या पेटींतील तिच्या चार सोनेरी माशांची निगा राखणें. वाचकांनीं हंसूं नये. आमच्या शिक्षकी गर्वाचें हरण याच कामानें झालें.

एके दिवशीं पेटींतील पाणी किंचित् गढूळ दिसलें. सोंवळ्याओंवळ्यांत वाढलेले आम्ही! सगळें पाणी ओतून दिलें, वाळू व गाळणी घांसून धुतली आणि नळाचें ताजें पाणी कांठोकांठ भरलें. दुसरे दिवशीं सकाळीं तीन मासे उताणे तरंगत होते. नात रडली नाहीं. "आजोबा, पाणी तर स्वच्छ होतं ना?" एवढेंच तिनें विचारलें. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

तें आम्हीं मागाहून शोधलें. रोगजंतु मारण्यासाठीं नळाच्या पाण्यांत क्लोरिन घालतात. अमेरिकेंतील जर्सी सिटी येथें १९०८ सालीं हा उपाय नित्याचा झाला. पुढें तो जगभर पसरला आणि त्यानें असंख्य माणसें वांचविलीं. परंतु मनुष्यास तारणारें तेंच द्रव्य माशांचे कल्ले जाळतें. यास्तव रुंद तोंडाच्या भांड्यांत पाणी निदान एक दिवस उघडें ठेवावें, मधून मधून ढवळावें; क्लोरिन उडून जातो. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेट, म्हणजे छायाचित्रकारांचें जुनें 'हायपो', तें काम तत्काळ करतें. जेथें क्लोरामिन घालतात, तेथें मात्र नुसतें ठेवणें पुरत नाहीं. त्यासाठींच केलेलें औषध योग्य प्रमाणांत घालावें लागतें.

आमचा दुसरा अपराध याहून सूक्ष्म होता. माशांच्या मलमूत्रांतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचें, प्रथम नायट्राइट व मग बहुतांशीं निरुपद्रवी असें नायट्रेट करणारे जीवाणु वाळूंत व गाळणींत वसतात. तेच आम्हीं धुऊन टाकले! म्हणून एका वेळीं चतुर्थांशच पाणी बदलावें, आणि नवें पाणी जुन्याइतकेंच उष्ण वा शीत असावें.

अमरकोशांत पाण्यास 'जीवन' म्हटलें आहे. त्याच कोशाच्या नानार्थवर्गांत 'विष' या शब्दाचाही एक अर्थ पाणी असाच आहे. हें आम्हीं वर्षानुवर्षें मुलांकडून घोकून घेतलें. कळलें मात्र आतां.

चूक आमचीच होती, हें आम्हीं नातीस स्पष्ट सांगितलें. तेव्हांपासून दर शनिवारीं आम्ही बादली भरून ठेवतों. रविवारीं ती दोन्ही पाण्यांत बोटें बुडवून पाहते, आणि तिची आज्ञा झाल्यावरच आम्ही पाणी ओततों. चौथा मासा अद्याप सुखरूप आहे.