आईच्या तळहातावरचे व्रण

पंचवटीतल्या शेजारणी आईला विचारीत, "हे व्रण कशाचे हो?" आई सांगे, "विळी लागली." खरे कारण कालवांचे. लग्नाआधी देवगडच्या खाडीत ओहोटीला खडकांवरची कालवे ती कोयतीने फोडून काढी. धारदार शिंपल्यांनी तळहात कापत. त्याची लाज आईला नव्हती, मला होती. विळीची थाप मीच तिला पढवलेली!

गेल्या वर्षी तिला माहेरी नेले. खाडीत बांबूंच्या मांडवाला रिकाम्या शिंपल्यांच्या माळा टांगलेल्या. मामेबहीण म्हणाली, "कालवाचे पिल्लू दोनतीन आठवडे पाण्यात तरंगते, मग टणक जागा मिळाली की जन्मभर तिथेच चिकटते. म्हणून जुने शिंपलेच त्याला घर म्हणून द्यायचे." खाणे घालायला नको, ते पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खाते. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने ही रीत १९७०च्या दशकात तुतिकोरीनला बसवली. अमेरिकेत चेसापीक उपसागरात तर हॉटेलांतले शिंपले गोळा करून, त्यांवर पिल्ले वाढवून परत पाण्यात सोडतात. कालवांचे खडक पुन्हा उभे राहावेत म्हणून.

आई गुडघाभर पाण्यात उभी होती. "आम्ही शिंपले चुन्याच्या भट्टीला देत होतो," ती पुटपुटली. "म्हणजे पोरांची घरेच जाळली की गो!"

नाशकात परतल्यावर नव्या शेजारणीने तोच प्रश्न विचारला. या वेळी मीच म्हणालो, "आई कालवे काढीत असे."

आई हसली. "विळी मला कधी लागलीच नाही हो!"