मीटरगेजची आठवण

रविवार, रात्री. सध्या पुण्यात लेकीकडे आहे. आज नातवाला घेऊन कोथरूडचं जोशी रेल्वे संग्रहालय पाहून आलो. भाऊ जोशींनी जिवापाड जपलेला छोट्या रेल्वेंचा हा छंद 1998 पासून सर्वांसाठी खुला आहे. सरकारी खातं नाही, बडी कंपनी नाही. घरच्यांनी निगुतीनं सांभाळलेलं काम. दिवे मंद झाले, इवले सिग्नल लाल-हिरवे होऊ लागले, फाटक खाली आलं आणि गाडी गेल्यावरच वर उठलं. नातू जागचा हलेना. मीही.

मला मात्र सारखं जालना आठवत होतं. निजामाच्या राज्यात, 1900 च्या सुमारास, मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज आमच्या गावातून गेली. मार्ग एकेरी, त्यामुळे टोकन हाती आल्याशिवाय गाडी पुढच्या स्टेशनाकडे सुटायची नाही. न थांबणारी गाडी असली की रेल्वेचा माणूस वेताच्या रिंगणाला अडकवलेलं टोकन उंच धरून उभा राहायचा आणि इंजिनातला गडी ते दंडावर झेलायचा. केवढी नजर लागत असेल! 1990 च्या दशकात ब्रॉडगेज आली, गावाची सोय झाली, ती हवीच होती. म्हणून आधीचं सगळं विसरायचं का?

जालनेकरांनो, आजोबांचा रेल्वेचा कंदील, शिट्टी, पुठ्ठ्याचं तिकीट घरात असेल तर भंगारात घालू नका. आणि पुण्याला गेलात की कोथरूडला पोरांना घेऊन, तिकीट काढून जा. अशा संग्रहालयांना तिकिटाच्या पैशांचा मोठा आधार असतो.